एकशे चाराव्या मात्रेला भेटू

मी गणिताचा मास्तर आहे आणि बास गिटार वाजवतो. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की तो जन्मभर मोजत बसतो. परभणीत आमचा पाच जणांचा बँड आहे. नाव सांगत नाही; ते आम्ही बाविसाव्या वर्षी ठेवलंय आणि बायकोच्या मते चारचौघांत उच्चारण्यासारखं नाही. ड्रम्सवर एक आडत्या, गिटारवर मोटारी रिवाइंड करणारा, गायला वकील, पेटी आणि की-बोर्डवर एक पोरगी, आणि मी. पहिला अल्बम २००७ साली काढला, दुसरा २०२५ मध्ये. मधली अठरा वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी मुंबईच्या इंडस क्रीडचं नाव पुढं करतो. १९८४ साली रॉक मशीन म्हणून सुरू झालेला, १९९३ मध्ये नाव बदललेला तो बँड. १९९५ च्या अल्बमनंतर त्यांचा पुढचा 'इव्हॉल्व्ह' थेट २०१२ मध्ये आला. सतरा वर्षांनी. त्यांना आम्ही एका वर्षानं मागं टाकलंय. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत नाही.

तर या दुसऱ्या अल्बमच्या पायी जे काही कळलं, ते असं.

१. 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द परभणीत जपून वापरावा. इथं कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. त्यामुळं प्रोग्रेसिव्ह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं प्रगतिशील शेतकरी येतो, शाल-नारळ घेतलेला. एका लग्नात चुलतसासऱ्यांना मी मोठ्या हौसेनं सांगितलं, की आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. ते म्हणाले, "बरं. एकरी किती निघतं?" सुरुवातीला मी अशा वेळी समजावून सांगायचो. इंग्लंडमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी काही पोरांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. १९६९ साली किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला. ज्या १९७२ चं नाव काढलं की आपल्याकडं दुष्काळ आठवतो, त्या वर्षी जेथ्रो टलनं तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं भरलं. एवढं ऐकून समोरचा माणूस जिलेबीकडं बघायला लागतो. आता मी एवढंच सांगतो : भजनासारखं असतं, लवकर संपत नाही. लगेच कळतं. आणि मला सारखी शंका येते, की ही व्याख्या विनोदापेक्षा जरा जास्तच बरोबर आहे.

२. जगात जर्मनी, भारतात परभणी. ही म्हण आम्ही पुष्कळ वर्षं छातीवर बिल्ल्यासारखी मिरवली, कारण जर्मनीतही असलेच लोक होते : कोलोनचा कॅन, बर्लिनचा टँजरिन ड्रीम, ड्युसेलडॉर्फचा क्राफ्टवर्क. पण ते बँड मोठे झाले ते इंग्रज-अमेरिकनांसारखं वाजवायचं नाही म्हणून हटून बसल्यामुळं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. आमच्या पहिल्या अल्बममध्ये सहा गाणी होती, सहाही इंग्रजीत, आणि त्यातली दोन कृष्णविवराबद्दल. वकिलाचा इंग्रजी उच्चार असा, की 'ब्लॅक होल' ऐकून एकानं 'बॅक व्हील' का गाताय म्हणून विचारलं. आमच्या गावाबद्दल दुसरीही एक म्हण आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. आम्हाला तीच जास्त लागू होती. तीनशे सीड्या काढल्या होत्या. एकशे नव्वद अजून माझ्या माळ्यावर आहेत. दिवाळीत माळा साफ करताना बायको दरवर्षी विचारते, मी दरवर्षी असू दे म्हणतो.

३. आपल्या भाषेत वाजवायला सर्वांत जास्त धैर्य लागतं, कारण मग लपायला जागा राहत नाही. २०१३ मध्ये मुंबईच्या कोशिशचा 'फिरदौस' आला : हिंदीत, एका सूत्रात बांधलेला, आणि चक्क प्रोग्रेसिव्ह रॉक. तो ऐकून मी रात्रभर जागा होतो. अर्धा आनंदानं, अर्धा जळून. मग मुंबईचाच अभंग रिपोस्ट ऐकला. अभंग, खाली बास, वर गिटार. आडत्या म्हणाला, "आपली आयडिया नेली की यांनी." मी म्हटलं, आपल्याला ही कल्पना सुचली कधी होती? तो म्हणाला, "सुचणारच होती."

४. विषय शोधायला अंतराळात जायची गरज नव्हती. गंगाखेडची बस पुरली असती. हे कळायला आम्हाला पंचविशी ते पंचेचाळिशी एवढा काळ लागला. तासाभराच्या अंतरावर गोदावरीच्या काठचं गंगाखेड, जनाबाईचं गाव. तिथून ती पंढरपूरला नामदेवाच्या घरी गेली, दळण-कांडण करत राहिली आणि मराठीतली एवढी मोठी कवयित्री झाली. शाळेत मी हे ऐकलं होतं, पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण जातं हे एक वाद्य आहे, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. ते शिरवलं गिटारवाल्याच्या आजीनं. गंगाखेडजवळच्या खेड्यात तिचं जातं अजून ओसरीवर आहे. आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो. घरघर मिळेल, ती तुकड्याच्या सुरुवातीला अर्धा मिनिट टाकू, छान वातावरण होईल. आमची झेप एवढीच.

आजी दळायला बसली. मी कानाला हेडफोन लावला आणि सवयीनं मोजायला लागलो. मोजता येईना. एका हातानं खुंटा फिरतोय, दुसऱ्या हातानं मुठीतले दाणे वैरणं चाललंय. वैरताना फेरा किंचित लांबतो, मग भरून निघतो. ओवी त्यावर स्वार झालेली, पण तिचा शेवट फेऱ्याच्या शेवटाला धरून येत नाही. ती पुढं-मागं होते, तरी चुकत नाही. मी म्हटलं, आजी, जरा या टिकटिकीबरोबर दळता का? आणि मोबाइलमधला मेट्रोनोम लावला. आजीनं चार फेरे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला गप कर बाबा. त्याला दळायचंय का मला?"

आम्ही तो तुकडा टिकटिकीशिवाय रेकॉर्ड केला. हे एका ओळीत लिहून झालं, पण करायला सात महिने लागले. आजकाल कानात ठोका असल्याशिवाय कुणी रेकॉर्डिंग करत नाही. ठोका असला की चूक कापता येते, जोडता येते. ठोका काढला की पाच जणांना एकमेकांकडं बघावं लागतं. आम्ही वीस वर्षं एकत्र वाजवत होतो आणि एकमेकांकडं कधी बघितलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. आडत्या अवघड जागा आली की जीभ बाहेर काढतो. मला ठाऊकच नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी त्यातल्या काही ऐकल्या आणि मग आमच्या अठरा मिनिटांच्या तुकड्याला 'महाकाव्य' म्हणायचं सोडून दिलं.

५. अवघड ताल ही आमची मक्तेदारी नाही. हा धडा मला आडत्याच्या गोदामात, जिथं आम्ही वाजवतो, पंख्याखाली, सर्वांसमोर मिळाला. आमच्या एका तुकड्यात तेरा मात्रांचं आवर्तन आहे. तेराचा आम्हाला फार गर्व. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सातात चालतं हे सगळ्यांना माहीत असतं. जेनेसिसचं १९८० चं 'टर्न इट ऑन अगेन' तेरात आहे हे सांगायला मात्र आमच्यासारखा माणूस लागतो. आडत्याच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे बुवा एकदा गोदामात आले. कामासाठी आले होते, सोयाबीनच्या पट्टीचं काहीतरी होतं. बसले. आमचं ऐकलं. आधी सात मात्रांचा एक तुकडा चालू होता. बुवा म्हणाले, "हा तर रूपक हाय." आम्ही हिरमुसलो. बरोबर होतं. रूपकात पहिल्या मात्रेवरच खाली येते, त्यामुळं सुरुवातीलाच पायाखालची फळी काढल्यासारखं होतं. आणि आम्ही नेमका तोच परिणाम शोधून काढल्याच्या थाटात वाजवत होतो.

मग आम्ही तेरा काढले. सूडबुद्धीनं.

बुवांनी पिशवीतून टाळ काढले आणि भजनी ठेका धरला. आठ मात्रा, सरळ. मी खुणावलं, बुवा, हे तेरा आहे, जुळायचं नाही. त्यांनी डोळे मिटले होते. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं, तिसरं. सगळं विस्कटलेलं. वकील हसायला लागला. आणि मग जवळजवळ मिनिटभरानं त्यांचा ठेका आणि आमचं आवर्तन एकाच ठिकाणी, दारावर पाटी ठोकावी तसं, एकत्र आलं. बुवांनी डोळे उघडले नाहीत. ठेका चालूच, पुन्हा विस्कटलं, पुन्हा मिनिटभरानं भेट.

मी गणिताचा मास्तर. तेरा आणि आठ यांचा लसावि एकशे चार, हे सातवीच्या पोरालाही येतं. त्यांची तेरा आवर्तनं, आमची आठ, एकशे चार मात्रांनी भेट. पण लसावि फळ्यावर काढणं वेगळं आणि भेट होईपर्यंत तेवढा वेळ विस्कटलेलं सहन करणं वेगळं. आम्ही विचारलं, बुवा, मोजत होता का? ते म्हणाले, "मोजायचं काय त्यात? तुमी तिकडून येऊलालेत, मी इकडून. गाव तर एकच हाय." मग चहा घेतला, पट्टीचा हिशोब केला आणि आवाज जरा कमी ठेवा असं सांगून गेले. त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मात्र आलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. अल्बममध्ये टाळ आडत्यानं वाजवलेत. बुवांसारखे नाहीत. तो जीभ बाहेर काढून वाजवतो.

६. ध्वनिशास्त्राचं सोयाबीनइतकं चांगलं पुस्तक नाही. आमचा स्टुडिओ म्हणजे आडतीचं गोदाम : पत्र्याचं छत, चार कबुतरं, दिवसा भट्टी. एप्रिल-मेमध्ये रात्री दहानंतरच आत जाता येतं. भिंतींना बारदाना टांगला, त्यावर घरोघरच्या जुन्या गोधड्या. तरी ड्रम विहिरीत पडल्यासारखा घुमायचा. पण २०२४ च्या हंगामात गोदाम पोत्यांनी छतापर्यंत भरलं, आणि आम्हाला मधोमध दहा बाय बाराची बोळ उरली. तिथं पहिल्यांदा ड्रम वाजवला आणि आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. घुमारा गायब. कोरडा, जवळचा, भरीव आवाज. मोठ्या शहरांत लाखो रुपये मोजून जे मिळतं ते.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. भाव वाढेल म्हणून लोकांनी माल ठेवला होता. आम्ही पोत्यांना पाठ टेकून वाजवत होतो आणि मनात कुठंतरी, भाव इतक्यात चढू नये, असं चाललेलं. मी हे कबूल करतो. वकिलानं तर बोलूनही दाखवलं, आणि गिटारवाला, ज्याची स्वतःची अठरा पोती त्यात होती, बराच वेळ काही बोलला नाही. मग तारा जुळवायला लागला. जानेवारीनंतर लोकांनी थकून, पडेल त्या भावात माल काढायला सुरुवात केली. रोज थोडी पोती कमी, रोज थोडा घुमारा जास्त. शेवटचे तीन तुकडे रिकाम्या गोदामात झालेत. पुण्यात मिक्सिंग करणाऱ्या मुलानं फोन करून विचारलं, दोन वेगळ्या खोल्या वापरल्यात का? आडत्या म्हणाला, "खोली एकच. माल गेला."

अल्बम लक्ष देऊन ऐकलात तर तो माल जाताना ऐकू येतो. लोक त्याला आमचं कलात्मक धोरण समजतात. आम्ही नाही म्हणत नाही.

७. माणूस सोडून जातो तेव्हा संगीत जात नाही, फक्त आपला तोरा जातो. आमचा जुना की-बोर्डवाला निम्म्यात नोकरीसाठी पुण्याला गेला. तेव्हा मी सर्वांना यस या बँडची गोष्ट ऐकवली : 'क्लोज टू द एज' रेकॉर्ड झाला आणि दौऱ्याच्या तोंडावर ड्रमर बिल ब्रुफर्ड किंग क्रिम्सनकडं निघून गेला, अ‍ॅलन व्हाइटनं तीन दिवसांत सगळं बसवलं. कथा प्रेरणादायी होती, पण परभणीत अ‍ॅलन व्हाइट कुठून आणायचा? आली ती बावीस वर्षांची पोरगी, संगीत विशारद, शाळेच्या स्नेहसंमेलनांत पेटी वाजवणारी. तिनं जेनेसिस ऐकलं नव्हतं, यस ऐकलं नव्हतं. तिला सगळं बसवायला दहा दिवस लागले. तिची सवय व्हायला आम्हाला तीन महिने.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काका, इथं चार मिनिटं तुम्ही काय करूलालात?"

तिथं माझा बासचा एकल तुकडा होता. अकरा वर्षांपूर्वी सुचलेला. मी म्हटलं, ही एक मानसिक अवस्था आहे. ती म्हणाली, "बरं." आणि पेटीचा भाता बंद करून बसून राहिली, चार मिनिटं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. मी वाजवत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचा तुकडा लांब वाटला. तीन आठवडे रुसून मीच तो काढायचा ठराव मांडला. पाच विरुद्ध शून्य. कुणीतरी थोडा वेळ तरी गप्प बसेल अशी माझी अपेक्षा होती. हात फारच पटकन वर झाले.

तिच्या त्या 'काय करूलालात'नं ब्याऐंशी मिनिटांचा अल्बम एकावन्नवर आला. आम्हाला 'काका' म्हणणारं माणूस बँडमध्ये वीस वर्षांपूर्वीच असायला हवं होतं, पण तेव्हा आम्ही काका नव्हतो.

८. भांडण कधीही सुरांवरून होत नाही. आमचं सर्वांत मोठं भांडण चहाच्या हिशोबावरून झालं. त्याचा तपशील देत नाही, कारण एकशे साठ रुपये अजून यायचे आहेत.

९. लांबलचक संगीत लोकांना आवडत नाही, हा आमचा जुना लाडका समज दर फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात फुकटात मोडला जात होता. आम्ही बघत नव्हतो एवढंच. लहानपणापासून उरुसाला जातोय, पाळणे, बांगड्या, खाजा. कव्वाली कानावर पडायची, थांबून ऐकली नव्हती. या वेळी पोरगी म्हणाली, चला, सगळे चला. एक कव्वाली अर्ध्या तासाहून जास्त चालली आणि एक माणूस उठला नाही. मी मोजत होतो. नंतर मोजायचं विसरलो. कव्वाल एक ओळ घेतो, ती समोरच्या एका चेहऱ्यावर लागली की तीच पुन्हा, पुन्हा, तो चेहरा उजळेपर्यंत, मग पुढची. तो लोकांकडं बघून ठरवतो. आमच्या कार्यक्रमांचे जुने व्हिडिओ काढून बघितले. चौघंही खाली, आपापल्या बोटांकडं बघतोय. पाचवा, म्हणजे वकील, गाण्याची ओळ संपल्यावर नऊ मिनिटं मोकळा असायचा. एका व्हिडिओत तो मागं जाऊन मोबाइल बघतोय.

१०. कार्यक्रमाच्या आधी स्वतःची तयारी करू नये, विजेची करावी. हे मी म्हणतोय ते अनुभवानं. पिंक फ्लॉइडनं 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ च्या मार्चमध्ये काढला, पण त्याच्या आधी वर्षभर तो मंचावर वाजवून बघितला. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमध्ये पहिल्यांदा वाजवला तेव्हा यंत्रणा बिघडली आणि 'मनी'मध्येच थांबावं लागलं. दुसऱ्या रात्री पोर्ट्समथला पूर्ण झाला. हे आम्हाला पाठ होतं. आम्हालाही दुसरी रात्र मिळेल, असं का कोण जाणे वाटत होतं.

गावातल्या एका सभागृहात एकशे सत्तर लोक आले. त्यातले साठ नातेवाईक, वीस माझे माजी विद्यार्थी, काही वकिलाचे पक्षकार. साउंड ज्याचा होता तो माणूस एरवी मिरवणुकांचं काम करतो. त्यानं विचारलं, बास किती ठेवू? मी संकोचानं म्हटलं, थोडा. त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि सवयीप्रमाणं ठेवला. पहिल्या सुराला पहिल्या रांगेतल्या मावशींनी छातीवर हात ठेवला. पंचवीस वर्षं ज्यांनी मला विचारलं, की तुमचं वाद्य नक्की कोणतं वाजतं, त्या सगळ्यांना त्या संध्याकाळी उत्तर मिळालं. बायकोलाही. घरी येताना ती म्हणाली, "इतकं वाजवत होता होय तुम्ही?" हे कौतुक होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

तेराच्या तुकड्यात वीज गेली. जनरेटर होता, चालू होईना. ड्रमला वीज लागत नाही. आडत्या अंधारात वाजवत राहिला. पोरीनं की-बोर्ड सोडून पेटी ओढली. वकील गायला लागला, माइकशिवाय, आणि कोर्टातला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. गिटारवाला जनरेटरकडं धावला, कारण मोटारी त्यालाच कळतात. राहिलो मी. विजेविना बास गिटार म्हणजे लाकूड. पण थांबलो तर मोजणी तुटेल, म्हणून मी अंधारात, आवाजाशिवाय, नऊ मिनिटं बोटं फिरवत उभा होतो. तेरा, तेरा, तेरा. दिवे आले. माझा आवाज आला. मी बरोबर एका मात्रेनं चुकलो होतो.

कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरगी सोडून. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी तिच्याकडं बघितलं, आणि पुढच्या आवर्तनात तिनं एक मात्रा जास्त धरून सगळ्यांना माझ्याकडं आणलं.

११. श्रोत्यांना काय कळलं, हा प्रश्न विचारायची हिंमत असेल तरच विचारावा. एक निवृत्त मंडळ अधिकारी भेटले, हात हातात घेऊन म्हणाले, फार छान, फक्त गाणं सुरू व्हायच्या आत आम्हाला निघावं लागलं. ते चाळीस मिनिटं बसले होते. एका विद्यार्थ्यानं झिंगाटची फर्माइश चिठ्ठीवर लिहून पाठवली होती. अक्षर ओळखीचं निघालं. गिटारवाल्याच्या आजीला आम्ही मोबाइलवर तिचा तुकडा ऐकवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "पीठ जाड आलंय." नातवानं विचारलं, कशावरून? "आवाजावरून. लई भराभर वैरलंय मी. तुमी बसलेले ना समोर."

१२. हंगाम आला की बँड बंद असतो. हे लिहितोय तेव्हा कार्तिक चालू आहे, गोदामात पुन्हा पोती लागलीत आणि बोळीत उभं राहायला जागा नाही. गेल्या आठवड्यात बुवांचा निरोप आला : काकड्याला आमचा लहान स्पीकर पाहिजे. मी पहाटे चारला घेऊन गेलो. स्पीकर आणलाच आहे तर बासही आणा, असं कुणीतरी आदल्या दिवशी गमतीनं म्हणालं होतं, आणि मी गमतीनं आणला होता. बुवा म्हणाले, बसा, वाजवा. सतरंजीवर मांडी घालून मी भजनी ठेक्यावर एकेक सूर ठेवायला लागलो. आठ, आठ, आठ. अंगणात धुकं होतं, टाळकऱ्यांच्या तोंडून वाफ येत होती, आणि माझी बोटं, वर्षभराच्या सवयीनं, मला न विचारता तेरावर गेली.

शेजारच्या टाळकऱ्यानं वळून बघितलं. बुवांनी नाही. थांबावं की काय, असं मनात आलं. मग म्हटलं, एकशे चारला भेटूच की, मिनिटाचा तर प्रश्न आहे. मान खाली घालून आवर्तनं मोजत राहिलो. पाचवं चालू होतं तेवढ्यात आरती लागली आणि सगळे उभे राहिले.